कुटुंब अभ्यास शिकायचा आहे? आधी जाहिराती वाचा, मग महाविद्यालय निवडा

‘कुटुंब अभ्यास’ अशी पाटी असलेला विभाग महाराष्ट्रात शोधायला निघालात तर फारसं काही हाती लागणार नाही. विषय मात्र आहे, आणि काही ठिकाणी तो फार चांगला शिकवला जातो. गृहविज्ञानाच्या महाविद्यालयात तो ‘मानव विकास’ या नावाने भेटतो. कृषी विद्यापीठात ‘मानव विकास व कुटुंब अभ्यास’ असं त्याचं पूर्ण नाव असतं. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात तो ‘कुटुंब व बालकल्याण’ या विशेषीकरणात येतो, समाजशास्त्रात विवाह आणि नातेसंबंधांच्या पेपरमध्ये, तर मानसशास्त्रात समुपदेशनाच्या बाजूने.

वर्गात शिकायला मिळतं ते बरंचसं सारखंच: मूल कसं वाढतं, लग्न कशावर टिकतं आणि कशाने मोडतं, घरात पैसा आणि अधिकार कोणाकडे असतो, म्हातारपण कोण सांभाळतं, संकट आलं की कुटुंब कसं वागतं. प्रमाणपत्रावरचं नाव मात्र वेगवेगळं असतं, आणि सरकारी भरतीत छाननी करणारा लिपिक तेच नाव पाहतो. मानव विकासात प्रथम श्रेणी मिळवलेली मुलगी ‘समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आवश्यक’ असं लिहिलेल्या पदासाठी अर्ज करते आणि मुलाखतीपर्यंत पोहोचतच नाही. हे टाळण्याचा उपाय सोपा आहे. कुठलं काम करायचं ते आधी ठरवा, त्या पदाच्या मागच्या दोन-तीन जाहिराती काढून ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना शब्दशः वाचा आणि मग प्रवेश घ्या.

कोणत्या कामाला कोणती पदवी

कौटुंबिक न्यायालयातला विवाह समुपदेशक हे या क्षेत्रातलं सर्वांत नेमकं पद. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समुपदेशकांची तरतूद केली आणि त्याच कायद्याने समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य ठरवलं. या पदासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि कौटुंबिक समुपदेशनाचा अनुभव मागतात. म्हणजे पदवी हातात पडली की लगेच अर्ज, असं इथे चालत नाही. 

जिल्हा बाल संरक्षण कक्षातली पदं म्हणजे संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, क्षेत्रीय कार्यकर्ता. ही पदं मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली कंत्राटी तत्त्वावर भरतात. इथे समाजकार्याबरोबर समाजशास्त्र, मानसशास्त्र, बालविकास अशा पदव्याही चालतात, पण पदागणिक यादी बदलते, म्हणून प्रत्येक पदाची ओळ वेगळी वाचायची.

काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीचं सदस्यत्व ही नोकरी नाही. ती मानधनावरची, न्यायिक अधिकार असलेली नेमणूक आहे. अध्यक्ष आणि चार सदस्य, मुदत तीन वर्षं. 2015 च्या बाल न्याय कायद्यात सदस्यांसाठी जे विषय नोंदवले आहेत त्यांत ‘मानव विकास’ स्पष्ट शब्दांत आहे. गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनींना हे बहुधा कोणी सांगत नाही. मुलांसाठीच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या क्षेत्रातलं सात वर्षांचं काम हा या नेमणुकीचा दुसरा आधार. तेव्हा पहिल्या नोकरीपासूनच अनुभवाचे दाखले जपून ठेवायला हवेत.

सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) या पदाला समाजकार्याची पदव्युत्तर पदवी लागते. पोलीस ठाण्यांतले ‘महिला व बालकांसाठी विशेष कक्ष’ही समाजकार्याच्या पदवीधरांवर चालतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी 1984 मध्ये पोलीस आयुक्तालयात पहिला कक्ष सुरू केला आणि पुढे तो राज्यभर पसरला. घरगुती हिंसाचाराचं काम जवळून शिकायचं असेल तर या कक्षाइतकी चांगली जागा दुसरी नाही. बाई घाबरलेल्या अवस्थेत दाराशी येते तिथपासून ते नवऱ्याला बोलावून समोरासमोर बसवण्यापर्यंत (आणि कधी बसवू नये हे ओळखण्यापर्यंत) सगळं तिथे पाहायला मिळतं.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. तिच्यात मुख्यसेविका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी अशी चढती पदं आहेत. अधिकारी पदं महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरतात आणि तिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यासच निर्णायक ठरतो. कुटुंब अभ्यासाची पदवी कामावर रुजू झाल्यावर उपयोगी पडते, परीक्षेत तिचे वेगळे गुण मिळत नाहीत. कृषी विज्ञान केंद्रातला गृहविज्ञानाचा विषय विशेषज्ञ व्हायचं तर रस्ता कृषी विद्यापीठातून जातो. शाळेतला समुपदेशक व्हायचं तर मानसशास्त्र किंवा बालविकासाची पदव्युत्तर पदवी आणि जोडीला समुपदेशनाची पदविका घेणं सोयीचं.

थोडक्यात, न्यायालय, पोलीस, रुग्णालय आणि बालगृह यांचं काम करायचं असेल तर समाजकार्य घ्या. बालशिक्षण, पालक प्रशिक्षण, संशोधन, अध्यापन यांची ओढ असेल तर मानव विकास. दोन्हींकडे मन ओढत असेल तर गृहविज्ञानात पदवी आणि समाजकार्यात पदव्युत्तर पदवी ही जोडी फार उपयोगी. मुलांच्या वाढीची अशी पक्की समज घेऊन समाजकार्यात येणारे विद्यार्थी थोडे असतात.

कुठे शिकायचं

मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी (एसएनडीटी) महिला विद्यापीठाच्या जुहू परिसरात पदव्युत्तर मानव विकास विभाग आहे आणि पदवीसाठी त्याच परिसरात सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय. 1916 मध्ये महर्षी कर्व्यांनी स्थापन केलेलं हे विद्यापीठ फक्त स्त्रियांसाठी आहे. मरीन लाइन्सच्या निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालयातही मानव विकास हे विशेषीकरण मिळतं. पुण्यात कर्वे रस्त्यावर एसएनडीटीचं गृहविज्ञान महाविद्यालय, नागपुरात एल.ए.डी. महाविद्यालय, पणजीला कांपालच्या भागात गोवा गृहविज्ञान महाविद्यालय.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातला अभ्यासक्रम वेगळ्या घडणीचा आहे. बी.एस्सी. (ऑनर्स) सामुदायिक विज्ञान अशी चार वर्षांची पदवी. ‘गृहविज्ञान’ हे जुनं नाव भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशीनंतर बदललं. प्रवेश कृषी विद्यापीठांच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होतो. शेवटच्या वर्षी गावात राहून काम करावं लागतं. हा भाग अनेकांना नकोसा वाटतो, पण ग्रामीण कुटुंब समजून घ्यायचं तर दुसरं काही इतकं कामी येत नाही. मुलग्यांनाही इथे प्रवेश असतो. एसएनडीटीचे दरवाजे बंद असलेल्या मुलग्यांनी परभणी, बडोदा आणि समाजकार्य महाविद्यालयं असे तीन पर्याय पाहावेत.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानव विकास व कुटुंब अभ्यास हा स्वतंत्र विभाग आहे, आणि तो ज्या विद्याशाखेत येतो तिचं नाव आता ‘कुटुंब व सामुदायिक विज्ञान’ असं आहे. संशोधनाकडे जायचं असेल तर इथला विचार जरूर करा. मुंबईहून एका रात्रीचा प्रवास आणि बडोद्यात जुनी मराठी वस्ती, त्यामुळे राहण्याची सोय शोधणं फार अवघड जात नाही. अध्यापन इंग्रजीत चालतं.

समाजकार्यासाठी पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था (स्थापना 1963), मुंबईचं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय, नागपूरची मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था ही जुनी नावं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची मुळं 1936 सालच्या सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेत आहेत. तिथल्या प्रवेशासाठी अलीकडे सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज पदवीचं शेवटचं वर्ष चालू असतानाच निघतात, आणि निकालाची वाट पाहत बसणाऱ्यांचं वर्ष हुकतं.

महाविद्यालयाला भेट द्याल तेव्हा इमारत पाहण्यात वेळ घालवू नका. तीन प्रश्न विचारा. क्षेत्रकार्य कोणत्या संस्थांमध्ये होतं? एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात? आणि मागच्या वर्षीचा एखादा प्रबंध पाहायला मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं तर जरा सावध व्हा.

क्षेत्रकार्य हीच खरी पदवी

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात बहुतेक ठिकाणी आठवड्यातले दोन दिवस संस्थेत जाऊन काम करायचं असतं. दर आठवड्याला अहवाल आणि मार्गदर्शकाबरोबर चर्चा. शेवटी महिनाभर सलग नेमणूक. मानव विकासात हे बालवाडी, विशेष शाळा, पाळणाघर किंवा वृद्धाश्रमातून होतं. श्रेयांकाचा (क्रेडिटचा) हिशेब सांगतो की व्याख्यानाच्या एका श्रेयांकाला पंधरा तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास लागतात. हे तास खरोखर भरणारे आणि केवळ वहीत भरणारे विद्यार्थी मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत वेगळे दिसतात.

दोन वर्षांच्या चार सत्रांत चार वेगळ्या जागा मिळाल्या तर चांगलं: एक वस्तीपातळीवरची संस्था, एक बालगृह किंवा विशेष दत्तक संस्था, एक रुग्णालय किंवा मानसिक आरोग्याचं केंद्र, आणि एक पोलीस किंवा न्यायालयाशी जोडलेली जागा. शेवटची जागा दुसऱ्या वर्षी मागा. पहिल्याच सत्रात तिथे गेलेल्या विद्यार्थ्याला कायद्याची भाषाच कळत नाही, आणि मग तो फायली लावण्यात दिवस घालवतो.

आता कामाचा गाभा. या क्षेत्रातलं जवळजवळ प्रत्येक पद शेवटी एका कौशल्यावर येऊन थांबतं: घरी जाणं, पाहणं, ऐकणं आणि ते दुसऱ्याला निर्णय घेता येईल असं लिहिणं. बालगृहात याला गृहचौकशी म्हणतात, बाल न्याय कायद्यात सामाजिक तपासणी अहवाल, दत्तक प्रक्रियेत गृह अध्ययन अहवाल. अहवाल कच्चा असला तर मूल चुकीच्या घरी जातं किंवा योग्य घरी परत जाऊ शकत नाही.

कुटुंबाचा नकाशा कसा काढायचा

पहिलं साधन म्हणजे तीन पिढ्यांचा कुटुंब-आलेख, ज्याला सगळे जिनोग्रामच म्हणतात. कोरा कागद आडवा घ्या. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ. लग्न म्हणजे दोघांना जोडणारी आडवी रेघ. तिच्यातून खाली मुलं, थोरलं डावीकडे, धाकटं उजवीकडे. मृत्यू झाला असेल तर चिन्हावर फुली. विभक्त राहत असतील तर लग्नाच्या रेघेवर एक तिरकी काट, घटस्फोट झाला असेल तर दोन. एका छताखाली राहणाऱ्या सगळ्यांभोवती तुटक रेघेचं कुंपण. त्यावर नाती चढवायची: भांडणाला नागमोडी रेघ, जवळिकीला दुहेरी, दुराव्याला तुटक.

समजा, बीड जिल्ह्यातली नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही म्हणून तुमच्याकडे आली. घरात आजी आणि लहान भाऊ, आई-वडील ऊसतोडीला गेलेले. इथे नवखा विद्यार्थी एकच कुंपण काढतो आणि मोकळा होतो. खरं तर या कुटुंबाची दोन कुंपणं आहेत: गाळप हंगाम चालू असतानाचं एक आणि बाकीच्या महिन्यांतलं दुसरं. दोन रंगांत दोन्ही काढली की लगेच दिसतं, हंगामात आजी आणि ही मुलगी यांच्याखेरीज घरात मोठं कोणी उरत नाही. लहान भाऊ तिच्याच अंगावर आहे आणि शाळा बुडण्याचं कारण तिथे आहे. ‘पालकांची अनास्था’ असा शेरा मारून हे प्रकरण बंद करणं म्हणजे त्या मुलीवर अन्याय. हंगामी वसतिगृह, भावासाठी अंगणवाडीची वेळ, जवळ राहणारी मावशी असे उपाय आलेखावर दिसायला लागतात.

आलेख काढताना नेहमी होणाऱ्या चुका तीन. नुसतं ‘नातेवाईक’ लिहिणं: मामा की चुलता हे लिहिलंच पाहिजे, कारण सासरची बाजू आणि माहेरची बाजू यांवर आधार कोण देईल हे ठरतं. गेलेल्या माणसांना वगळणं: मेलेली मुलं, गर्भपात, सोडून गेलेला भाऊ यांचा उल्लेख लोक आपणहून करत नाहीत, आणि घरातलं दुःख बऱ्याचदा तिथेच असतं. आणि वर्षं न लिहिणं: लग्न, मृत्यू, स्थलांतर यांच्यापुढे साल नसेल तर कारण-परिणाम जुळत नाहीत.

गृहभेट आणि अहवाल

जाण्याआधी निरोप द्या, अचानक भेट कायद्याने गरजेची असेल तेव्हाच. ओळखपत्र दाखवा, कशासाठी आलात ते सरळ सांगा. चहा घेतलात तर हरकत नाही, जेवण आणि भेटवस्तू नम्रपणे नाकारा. पहिली दहा मिनिटं वही बाहेर काढू नका. मुलाशी बोलायचं असेल तर सर्वांच्या देखत पण कानाआड, ओट्यावर किंवा अंगणात बोला. सुनेशी सासूसमोर झालेलं बोलणं ‘सुनेचं म्हणणं’ म्हणून लिहू नका.

परतल्यावर त्याच दिवशी लिहा. पान तीन भागांत विभागा: काय पाहिलं, कोण काय बोललं, मला काय वाटतं. हे तीन मिसळले की अहवाल बिघडला. उदाहरणार्थ, ‘आई निष्काळजी आहे’ हे वाक्य कुठल्याही समितीपुढे टिकत नाही. ‘दुपारी दोन वाजता मूल एकटं होतं. चूल विझलेली होती. शेजारच्या बाईंनी सांगितलं की आई सकाळी आठला कामावर जाते आणि सहाला येते’ हे टिकतं. दुसऱ्या लिखाणातून पाळणाघराची गरज दिसते, पहिल्यातून फक्त आईवर ठपका बसतो. ‘अस्वच्छ घर’, ‘चांगले संस्कार’, ‘सुसंस्कृत कुटुंब’ हे शब्द अहवालातून काढूनच टाका, त्यांतून लिहिणाऱ्याची जात-वर्गाची नजर तेवढी कळते.

बाल न्याय आदर्श नियमांतला 22 क्रमांकाचा नमुना काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या सामाजिक तपासणीसाठी आहे आणि 6 क्रमांकाचा विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, मुलांसाठी. दोन्हींत अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. हे नमुने पदवीच्या काळातच उतरवून घ्या आणि ओळखीच्या कुटुंबावर, काल्पनिक नावं घालून, दोन-तीनदा भरून पाहा. पहिल्या वेळी ‘मुलाच्या मित्रपरिवाराचा प्रभाव’ यासारख्या रकान्यात काय लिहावं तेच सुचत नाही. त्यातूनच कळतं की भेटीत काय विचारायचं राहिलं.

दत्तकाचा गृह अध्ययन अहवाल याहून नाजूक. तो तीन वर्षं ग्राह्य धरतात, आणि मूल घरी आल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा असतो. यात इच्छुक पालकांचं उत्पन्न आणि खोल्या मोजणं सोपं. कठीण असतं ते मूल न होण्याचं दुःख त्यांनी पचवलं आहे का, आणि मुलाला त्याच्या दत्तकपणाबद्दल कधी, कसं सांगणार आहेत, हे विचारणं. सासू-सासऱ्यांशी वेगळं बोलल्याशिवाय हा अहवाल पूर्ण मानू नका.

कायदा किती यायला हवा

वकिलाइतका नाही, पण कलम कुठे सापडतं हे माहीत हवं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आणि त्यातला घरगुती घटना अहवाल, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पॉक्सो, 2015 चा बाल न्याय कायदा, हिंदू विवाह कायद्यातलं परस्परसंमतीच्या घटस्फोटाचं कलम 13ब, ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा. शिवाय राज्याच्या योजना: बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या वा अनाथ मुलाला दरमहा 2,250 रुपये मिळतात, आणि तिचा अर्ज कसा भरायचा हे माहीत असलेला विद्यार्थी वस्तीत पहिल्याच आठवड्यात विश्वास कमावतो.

पॉक्सोबाबत एक गोष्ट अगदी ठळकपणे लक्षात ठेवा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तुम्हाला कळलं तर पोलिसांना कळवणं हे तुमचं स्वतःचं कायदेशीर कर्तव्य आहे, विद्यार्थी असलात तरी. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून ‘हे गुपित ठेवीन’ असं वचन कुठल्याही मुलाला कधीच देऊ नका. ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला काही जणांना सांगावं लागेल’ हे वाक्य तोंडात बसवून घ्या. त्याच दिवशी मार्गदर्शकाला कळवा. 1098 हा मुलांसाठीचा, 181 महिलांसाठीचा आणि 14567 ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक पाठ हवा. आणि मुलाची ओळख उघड होईल असं काहीही, अस्पष्ट केलेला फोटोसुद्धा, व्हॉट्सॲपवर जाऊ देऊ नका. बाल न्याय कायद्याचं कलम 74 त्यासाठीच आहे.

समुपदेशन, थेरपी आणि फसव्या पाट्या

‘कौन्सिलर’ म्हणून पाटी लावायला आजवर फारसं कोणी अडवत नव्हतं, त्यामुळे तीन दिवसांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर ‘फॅमिली थेरपिस्ट’ झालेली माणसं दिसतात. असल्या अभ्यासक्रमांवर पैसे घालवू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी अनिवार्य आहे. मनोविकार समाजकार्यासाठी (सायकिॲट्रिक सोशल वर्क) बंगळुरूची निमहान्स ही देशातली जुनी प्रशिक्षण संस्था, तिथे कुटुंबांसाठी वेगळं उपचार केंद्र आहे. पूर्वी या दोन्ही शाखांचा रस्ता एम.फिल.मधून जायचा. आता त्या पदवीची रचना बदलते आहे, तेव्हा चिकित्सा मानसशास्त्रासाठी प्रवेशाच्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादीच प्रमाण माना.

दूरस्थ शिक्षणाबद्दलही सावध राहा. 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र आणि अन्न-पोषण यांसारखे, 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणं थांबवायला सांगितलं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या अनेक बायकांचा हा आधार होता, त्यांचं नुकसान झालं हे खरं. पण माहिती पुस्तिका जुनी असताना शुल्क भरून बसणं त्याहून वाईट. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण मंडळाच्या यादीत त्या वर्षी, त्या विषयापुढे विद्यापीठाचं नाव आहे का ते पाहूनच पैसे भरा.

विवाह समुपदेशकाच्या कामाची कल्पना यावी म्हणून थोडं. बहुतेक जोडपी येतात ती आधीच वकिलांकडे जाऊन आलेली. समेट घडवणं हे एकमेव यश नाही. नीट, कमी कडवटपणे वेगळं होणं आणि मुलाच्या भेटीच्या वेळा दोघांना पाळता येतील अशा ठरणं, हेही मोठं काम आहे. दोघांशी स्वतंत्र बोलल्याशिवाय एकत्र बसवायचं नाही, आणि मारहाणीची शंका असेल तर ‘थोडं समजून घ्या’ हा सल्ला तोंडातूनही काढायचा नाही. मध्यस्थ म्हणून काम करायचं असेल तर चाळीस तासांचं प्रशिक्षण वेगळं असतं.

नेट, सेट आणि अध्यापन

प्राध्यापक व्हायचं तर देशपातळीवरची नेट किंवा राज्याची सेट ही पात्रता परीक्षा. मानव विकासवाल्यांचा विषय ‘गृहविज्ञान’ हाच. दुसऱ्या पेपरमध्ये शंभर प्रश्न, दोनशे गुण, आणि अभ्यासक्रमाचे दहा घटक. त्यांतला एक बाल व मानव विकास, एक कुटुंब अभ्यास. उरलेल्या आठांत अन्नशास्त्र, पोषण, वस्त्रशास्त्र, गृहव्यवस्थापन, विस्तार शिक्षण वगैरे. आपल्या दोन घटकांत पैकीच्या पैकी मिळवूनही पात्र होता येत नाही, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. पदवीच्या पहिल्या दोन वर्षांची पोषण आणि वस्त्रशास्त्राची पुस्तकं रद्दीत घालू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नये.

प्रबंधाचा विषय लहान ठेवा. ‘महाराष्ट्रातील घटस्फोटांची कारणे’ हा विषय घेतलेल्याला शेवटी पन्नास ओळखीच्या लोकांची प्रश्नावली भरून घ्यावी लागते आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ‘एका प्रभागातल्या पाळणाघरांतली दुपारची दिनचर्या’ किंवा ‘परदेशात राहणारी मुलं असलेल्या पुण्यातल्या वीस ज्येष्ठांची आजारपणातली व्यवस्था’ असं काही घेतलंत तर सहा महिन्यांत नीट होतं. उत्तरदात्यांची लेखी संमती आधी घ्या. नंतर घेतलेल्या संमतीला अर्थ नसतो.

पगार, कंत्राट आणि परदेश

स्वच्छ सांगायचं तर पहिली काही वर्षं पैसा कमी आहे. संस्था प्रकल्पावर चालतात, प्रकल्प संपला की पद संपतं. कंत्राटी सरकारी पदांचे आदेश बहुधा अकरा महिन्यांचे असतात आणि मानधन उशिरा येतं. घरावर कर्ज असेल किंवा एकट्याच्या कमाईवर घर असेल तर पदवीसोबत एखादं नियमित उत्पन्न देणारं कौशल्य ठेवा: बालवाडी शिक्षक प्रशिक्षण, विशेष शिक्षण, किंवा प्रकल्पांसाठी माहितीचं संकलन आणि अहवाललेखन. मुंबई-पुण्यात अलीकडे ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या खाजगी सेवांत समन्वयकाची कामं निघताहेत. परदेशात राहणाऱ्या मुलांना आई-वडिलांसाठी असं माणूस हवं असतं, आणि कुटुंब अभ्यास शिकलेल्यांना हे काम जमतं.

अमेरिकेत जायचं असेल तर तिथे मानव विकास व कुटुंब अभ्यास हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. पेन स्टेट, पर्ड्यू, आयोवा स्टेट इथे त्याचे नावाजलेले विभाग आहेत. पण विवाह व कुटुंब थेरपिस्टचा परवाना राज्यागणिक वेगळा, त्यासाठी पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखालच्या कामाचे तास भरावे लागतात. भारतातली पदवी घेऊन गेलेल्यांना थेट परवाना मिळत नाही. परवान्याच्या भानगडीत न पडता काम करायचं असेल तर नॅशनल कौन्सिल ऑन फॅमिली रिलेशन्सचं कुटुंबजीवन शिक्षकाचं प्रमाणपत्र पाहा. त्यात दहा विषयक्षेत्रं येतात. तिथली मराठी मंडळं आणि शाळा यांच्याबरोबर पालकांचे गट चालवायला ते उपयोगी पडेल.

अर्जाची फाइल पहिल्या वर्षापासूनच तयार करा. गुणपत्रिका सगळेच ठेवतात. त्याखेरीज प्रत्येक सत्राच्या क्षेत्रकार्याचं संस्थेच्या शीर्षपत्रावरचं प्रमाणपत्र हवं: कामाचं स्वरूप, तारखा, एकूण तास, अधिकाऱ्याचं पद आणि शिक्का. दोन निवडक अहवाल ठेवा, ओळख पूर्णपणे काढून टाकलेले. अभ्यासक्रमाच्या विषयांची अधिकृत यादी विद्यापीठाकडून घ्या, कारण ‘समकक्ष पदवी’ हा वाद उद्भवला की तीच पुढे करायची असते. क्षेत्रकार्याचं प्रमाणपत्र सत्र संपायच्या आत मागा. वर्षभराने गेलात तर तुमचं काम पाहिलेला अधिकारी बदलून गेलेला असतो आणि नवा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही.